शाळा कुणाची?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी हयातभर शाळा काढल्या आणि चालवल्या. त्यांच्याविषयी या व्यासपीठावरून अधिकारी माणसं बोलून गेली आहेत. त्यात मी काय भर घालणार? त्यांना आवडला असता असा एक विषय मात्र मी आणला आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या शाळा.

हा विषय महाराष्ट्राला परका नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं, तेव्हा ते अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या सज्जनांना अर्पण केलं. चाळीस वर्षांनी, 1913 मध्ये, बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पुढे 1946 मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे मोठे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं आणि डु बॉइस यांनी उत्तरही पाठवलं. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं नाव अमेरिकेतूनच आलं हे या सभागृहात सांगायला नको. डॉ. जनार्दन वाघमाऱ्यांनी तर या समाजाचं साहित्य आणि संस्कृती मराठीत आणून ठेवली आहे. तेव्हा ओळख करून देण्यात वेळ घालवत नाही. आणि एक आधीच सांगून टाकतो: मी आज इथली-तिथली तुलना करणार नाही. ती तुम्ही मनातल्या मनात करणारच आहात, माझी मदत कशाला?

आपल्याला या विषयातलं ठाऊक काय असतं? साधारण एवढंच, की अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या-गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या होत्या. 1954 साली सर्वोच्च न्यायालयाने 'ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ' या खटल्यात ती पद्धत घटनाबाह्य ठरवली. मग शाळा एकत्र झाल्या. गोष्ट संपली. पाठ्यपुस्तकात असायला ही गोष्ट छान आहे. तिच्यात एकच प्रश्न असतो – काळ्या मुलाला गोऱ्यांच्या शाळेत बसायला जागा मिळेल का? प्रश्न खराच आहे, खोटा नाही. पण तो अर्धा आहे. उरलेला अर्धा असा, की ती शाळा कुणाची? तिथे शिकवणार कोण? पैसा कुणाच्या हातात? आणि कुलपाची किल्ली कुणाच्या कमरेला? आज मला या दुसऱ्या अर्ध्याविषयी बोलायचं आहे.

सुरुवात कुलपापासूनच करू. साउथ कॅरोलिनात 1740 साली कायदा झाला की गुलामाला लिहायला शिकवणं गुन्हा. नॉर्थ कॅरोलिनाने 1830 साली वाचणंही त्यात घातलं. शिकवणारा गोरा असेल तर 100 ते 200 डॉलर दंड किंवा तुरुंग. गुलामच दुसऱ्या गुलामाला शिकवताना सापडला तर उघड्या पाठीवर एकोणचाळीस फटके. या कायद्यात एक सूट आहे, आणि मला त्या सगळ्या कायद्यात ती सूटच सर्वांत बोलकी वाटते. अंक शिकवायला बंदी नव्हती! अक्षरं नकोत, आकडे चालतील. का बरं? मला दिसतं ते कारण साधं आहे. कापसाच्या गाठी मोजणारा, वजन करणारा गुलाम मालकाच्या कामाचा. पण वाचणारा गुलाम? तो बाहेर जायचा पास स्वतःच लिहील आणि पळून जाईल. वर्तमानपत्र वाचील. त्याला कळेल की उत्तरेत आपल्याविषयी भांडणारी माणसं आहेत. शिक्षणाला विरोध करणारे लोक शिक्षणाची ताकद ओळखत नाहीत असं आपण म्हणतो. छे! त्यांच्याइतकी ती कुणीच ओळखत नाही.

फ्रेडरिक डग्लस या गुलाम मुलाचं उदाहरण घ्या. बाल्टिमोरमध्ये मालकिणीने त्याला मुळाक्षरं शिकवायला घेतली. नवऱ्याला कळलं, त्याने ते तिथल्या तिथे थांबवलं – असा शिकलेला गुलाम हाताशी राहत नाही म्हणून. पोरगा ते ऐकत होता. मालकाला ज्याची एवढी भीती वाटते तेच आपल्याला हवं, हे त्याला त्या दिवशी कळलं. मग त्याने गल्लीतली गरीब गोरी पोरं गाठली. घरातून पाव घेऊन निघायचं, भुकेल्या पोरांना तो द्यायचा आणि बदल्यात अक्षरं घ्यायची. गोदीत सुतार लाकडाच्या ओंडक्यांवर जहाजाच्या डाव्या-उजव्या बाजूची खूण म्हणून अक्षरं खरडत, ती पाहून त्याने लिहायचा सराव केला. या माणसाने 1845 साली आत्मचरित्र लिहिलं.

गुलामगिरी संपली आणि लोक शाळांवर तुटून पडले. आजी आणि नात एकाच बाकावर, एकच पुस्तक दोघींत. फिस्क, हॉवर्ड, हॅम्प्टन ही विद्यापीठं यादवी युद्धानंतरच्या तीन वर्षांत, 1866 ते 1868 मध्ये उभी राहिली. पण दहा-बारा वर्षांत वारं फिरलं, आणि 1896 मध्ये 'प्लेसी' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वेगळं ठेवायला हरकत नाही, समान ठेवलं म्हणजे झालं, असा निर्वाळा दिला. वेगळं लगेच झालं. समान कधीच झालं नाही.

आता इथे थोडं थांबतो, कारण हा भाग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. सरकार काळ्यांच्या शाळांना पुरेसे पैसे देत नव्हतं, तर त्यांनी काय केलं? शाळा बांधल्या. टस्कीगीच्या शिक्षणसंस्थेचे बुकर टी. वॉशिंग्टन आणि शिकागोच्या सिअर्स कंपनीचे प्रमुख ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी मिळून एक योजना काढली: रोझेनवाल्ड यांच्या निधीतून काही रक्कम मिळेल, पण गावानेही आपला वाटा घातला पाहिजे. 1912 च्या सुमारास अलाबामात सुरुवात झाली, आणि 1932 पर्यंत पंधरा राज्यांत जवळजवळ 5,000 शाळा उभ्या राहिल्या. निधीने दिले सुमारे 43 लाख डॉलर. आणि कृष्णवर्णीय समाजाने? सुमारे 47 लाख. वाटेकरी, मजूर, मोलकरणी, धोबिणी या लोकांचे हे पैसे. कुणी कापसाचा तुकडा शाळेच्या नावाने पेरला, कुणी कोंबड्या विकल्या, चर्चमध्ये जेवणं घालून वर्गणी गोळा झाली. ज्याच्याकडे काहीच नव्हतं त्याने लाकूड तोडून दिलं किंवा अंगमेहनत केली. लक्षात घ्या, हे लोक सरकारला कर भरतच होते. त्यातला बराचसा जायचा गोऱ्यांच्या शाळेला. आपल्या शाळेसाठी हा दुसरा कर, स्वतःच स्वतःवर लावलेला. या शाळांचे आराखडेही पाहण्यासारखे आहेत. खेड्यात वीज नाही, म्हणून खिडक्या मोठाल्या आणि ओळीने, इमारत अशी वळवलेली की सकाळ-संध्याकाळचं ऊन वर्गात यावं. पाच हजार शाळा! त्या साध्या होत्या, तोकड्या होत्या, पण त्या कुणाच्या असा प्रश्न तिथे कुणाला पडत नव्हता.

आता मी तुम्हाला एका गावात नेतो आणि तिथे बराच वेळ बसवतो. व्हर्जिनिया राज्यातली प्रिन्स एडवर्ड कौंटी, गाव फार्मव्हिल. तंबाखूचा मुलूख. तिथे कृष्णवर्णीयांसाठी मोटन हायस्कूल होतं, 1939 साली 180 मुलांसाठी बांधलेलं. 1950 पर्यंत मुलं झाली साडेचारशेच्या वर. व्यायामशाळा नाही, जेवायची खोली नाही, प्रयोगशाळा नाही. पालक मागत राहिले आणि शिक्षण मंडळ नंतर पाहू म्हणत राहिलं. शेवटी मंडळाने काय केलं, तर आवारात लाकडी फळ्यांवर डांबरी कागद ठोकून वर्ग उभे केले. गावातले लोक त्यांना कोंबड्यांची खुराडी म्हणायचे. एक शेगडी. तिच्याजवळचा पोरगा भाजायचा आणि दाराजवळचा कोट घालून कुडकुडायचा. पाऊस आला की छप्पर गळायचं, पोरं छत्री उघडून लिहायची.

बार्बरा जॉन्स नावाची सोळा वर्षांची मुलगी तिथे शिकत होती. एकदा सकाळी तिची बस चुकली. ती रस्त्यावर उभी असताना गोऱ्या मुलांची बस अर्धी रिकामी समोरून निघून गेली. तिने संगीताच्या बाईंकडे शाळेच्या हालांविषयी तक्रार केली, तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या की मग तूच काही का करत नाहीस? शिक्षक कधी कधी असं एखादं वाक्य बोलून वर्गावर निघून जातात, आणि मग इतिहासाला कामाला लागावं लागतं.

23 एप्रिल 1951. सकाळी मुख्याध्यापक बॉइड जोन्स यांना फोन आला की तुमची काही पोरं बसस्थानकावर गोंधळ घालताहेत, लवकर या. फोन अर्थातच पोरांनीच केलेला. मुख्याध्यापक बाहेर पडले आणि वर्गावर्गांत त्यांच्या नावाची चिठ्ठी फिरली: सर्वांनी सभागृहात जमावं. सही खोटी. सगळी शाळा जमली, पडदा उघडला, आणि व्यासपीठावर मुख्याध्यापकांऐवजी बार्बरा! तिने शिक्षकांना बाहेर जायची विनंती केली. कुणी ऐकेना, तेव्हा पायातला बूट काढून बाकावर आपटला. साडेचारशे मुलं शाळेबाहेर पडली आणि दोन आठवडे संपावर राहिली. सोळा वर्षांची पोरगी! महात्मा गांधींचं नाव तोपर्यंत तिकडे पोचलेलं होतं हे खरं, पण या मुलांना कुणी शिबिरात शिकवलेलं नव्हतं. शिक्षकांना सभागृहाबाहेर का काढलं? त्यांच्या नोकऱ्या जाऊ नयेत म्हणून. हे त्या वयात सुचतं, याचं मला अजून नवल वाटतं. इतकं करूनही मुख्याध्यापकांची नोकरी गेलीच. पुढच्या वर्षासाठी मंडळाने त्यांना ठेवलं नाही.

मुलांची मागणी होती चांगल्या इमारतीची. वकील आले, ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन. ते म्हणाले, नुसत्या इमारतीसाठी आम्ही लढणार नाही. वेगळ्या शाळांची पद्धतच मोडायची असेल तर सांगा. गावाने चर्चमध्ये बैठका घेतल्या. रेव्हरंड फ्रान्सिस ग्रिफिन यांनी लोकांना उभं केलं. 117 मुलांच्या नावाने दावा दाखल झाला. पुढे 'ब्राउन' या नावाखाली जे पाच खटले एकत्र निकालात निघाले, त्यांतला हा एक. पाचांत हा एकच मुलांच्या संपातून जन्मलेला. बार्बराला धमक्या येऊ लागल्या, म्हणून घरच्यांनी तिला अलाबामात मॉन्टगोमेरीला काकांकडे पाठवलं. ते काका म्हणजे व्हर्नन जॉन्स, डेक्स्टर अॅव्हेन्यू चर्चचे पाद्री. त्यांच्या मागून त्या चर्चमध्ये जो तरुण पाद्री आला त्याचं नाव मार्टिन ल्यूथर किंग.

17 मे 1954 ला निकाल लागला, नऊ विरुद्ध शून्य. पुढच्या वर्षी अंमलबजावणीचा दुसरा निकाल आला, आणि त्यात तारीखच नव्हती! योग्य त्या गतीने करा, एवढंच. योग्य गती कुणी ठरवायची? ज्यांना करायचंच नव्हतं त्यांनी.

व्हर्जिनियाचे सिनेटर हॅरी बर्ड यांनी सर्व शक्तीनिशी विरोध करायची हाक दिली. 1958 मध्ये राज्याने नॉरफोक, शार्लट्सव्हिल, फ्रंट रॉयल इथल्या काही शाळा बंद केल्या; जानेवारी 1959 मध्ये न्यायालयांनी ते बेकायदा ठरवलं. तेव्हा प्रिन्स एडवर्ड कौंटीने वेगळी वाट काढली. जून 1959 मध्ये कौंटीच्या कारभाऱ्यांनी शाळांसाठी एक डॉलरही मंजूर करायचं नाकारलं. काळ्यांच्या शाळांसाठी नव्हे. सगळ्याच शाळांसाठी. कौंटीतल्या सगळ्या सरकारी शाळांना कुलूप! आणि युक्तिवाद बघा: आम्ही भेदभाव कुठे करतोय? शाळा काळ्यांनाही नाही, गोऱ्यांनाही नाही. याहून समान काय असतं?

पण सप्टेंबरमध्ये गोऱ्या मुलांची शाळा भरली. 'प्रिन्स एडवर्ड अकॅडमी', खाजगी. आधी चर्चच्या खोल्यांत, क्लबांच्या हॉलांत. मग दोन वर्षांत स्वतःची इमारत. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने पालकांना खाजगी शाळेच्या फीसाठी अनुदान दिलं, आणि अकॅडमीला देणगी देणाऱ्याला कौंटीने करात सूट दिली. त्या कायद्यांत काळा-गोरा असा शब्द नाही. अनुदान कुणीही घ्यावं! फक्त ते घेऊन जायला शाळा एकाच रंगाच्या मुलांसाठी होती. काळ्यांनाही म्हणाले, तुम्हीही खाजगी काढा, आम्ही मदत करू. लोकांनी साफ नाकारलं. ती मदत घेतली की खटला गेला, हे त्यांना कळत होतं.

आणि ती मोटनची खुराडी? संपानंतर घाईघाईने कौंटीने काळ्यांसाठी नवीकोरी इमारत बांधली होती. 1953 साली. मुलांनी पहिल्यांदा जे मागितलं होतं ते सगळं तिथे होतं. 1959 ते 1963 ती इमारत कुलपात राहिली.

सुमारे सतराशे कृष्णवर्णीय मुलं घरी बसली. काही गरीब गोरी मुलंही बसली; त्यांची कुणी आठवण काढत नाही, म्हणून मी काढतो. कुणाला शेजारच्या कौंटीतल्या नातेवाइकांकडे पाठवलं. मोठ्या काही मुलांना नॉर्थ कॅरोलिनातल्या किट्रेल कॉलेजने ठेवून घेतलं. क्वेकर पंथीयांच्या संस्थेने काहींची दूरदूरच्या राज्यांत अनोळखी घरांत राहून शिकायची सोय केली. म्हणजे शिक्षणासाठी आई सोडा. गावातल्या बायकांनी चर्चच्या तळघरांत वर्ग चालवले. बाकीची शेतावर गेली. चार वर्षं. सप्टेंबर 1963 मध्ये केनेडी सरकारच्या पुढाकाराने देणग्यांवर 'फ्री स्कूल' सुरू झाली, तेव्हा 1959 साली सहा वर्षांचं असलेलं मूल दहा वर्षांचं झालं होतं आणि पहिल्यांदाच वर्गात पाऊल ठेवत होतं. त्याला कुठल्या इयत्तेत बसवायचं? ज्याचं अकरावीचं वर्ष 1959 ला सुरू व्हायचं होतं तो आता विशीचा झाला होता, त्याला काय सांगायचं?

25 मे 1964 ला सर्वोच्च न्यायालयाने 'ग्रिफिन' खटल्यात शाळा बंद ठेवणं घटनाबाह्य ठरवलं. गरज पडली तर कर बसवायला लावा, पण शाळा उघडा, असं बजावलं. संप 1951 चा आणि हा निकाल 1964 चा. बार्बरा एकोणतीस वर्षांची झाली होती. पुढे ती फिलाडेल्फियात ग्रंथपाल झाली आणि 1991 मध्ये गेली. वॉशिंग्टनच्या संसदभवनात व्हर्जिनियाच्या वतीने उभा असलेला गुलामगिरीच्या बाजूचा सेनापती रॉबर्ट ली याचा पुतळा डिसेंबर 2020 मध्ये हलवला, आणि त्या जागेसाठी राज्याने निवड केली बार्बरा जॉन्सची. पुतळे ठीक आहेत. माझ्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट 2004 सालची: ज्यांची शाळा त्या काळात हुकली, त्यांना उरलेलं शिक्षण घेता यावं म्हणून व्हर्जिनियाने शिष्यवृत्ती सुरू केली. पन्नाशी ओलांडलेल्या माणसांसाठी शाळेची शिष्यवृत्ती. उशिरा का होईना, बिल कुणी भरायचं हे सरकारने मान्य केलं.

इथे कुणी म्हणेल, प्रिन्स एडवर्ड हे टोकाचं उदाहरण झालं. बरोबर आहे. बाकीच्या ठिकाणी शाळा उघड्या राहिल्या, मुलं एकत्र बसली. मग तिथे काय झालं? तिथल्या काळ्या शिक्षकांचं काय झालं, हे कुणी विचारतं का?

गोऱ्यांच्या शाळा बंद करून मुलं काळ्यांच्या शाळेत पाठवली, असं जवळपास कुठे झालं नाही. बंद झाल्या त्या काळ्यांच्या शाळा. मिझुरी राज्यातल्या मोबर्ली गावात शाळा एकत्र केल्या तेव्हा अकरा कृष्णवर्णीय शिक्षक होते. अकराच्या अकरा घरी गेले. ते न्यायालयात गेले आणि 1959 मध्ये हरले. मंडळाने गुणवत्ता पाहून निर्णय घेतला, असं न्यायालयाला पटलं. गुणवत्ता! त्या पिढीतल्या कित्येक काळ्या शिक्षकांच्या पदव्या गोऱ्या सहकाऱ्यांपेक्षा वरच्या होत्या. कारण ऐका. दक्षिणेतली राज्यं त्यांना आपल्या विद्यापीठांत पदव्युत्तर शिक्षणाला घेत नव्हती; त्याऐवजी बाहेरच्या राज्यात शिकायला पैसे देत होती. तेव्हा हे शिक्षक उन्हाळ्याच्या सुट्टीत न्यूयॉर्कला कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजात जाऊन एम.ए. होत. आपल्या राज्याने दार लावलं म्हणून त्यांना देशातलं उत्तम शिक्षण मिळालं, आणि दार उघडलं तेव्हा नोकरी गेली.

सतरा राज्यांत, 1954 ते 1965 या काळात, सुमारे 38,000 कृष्णवर्णीय शिक्षक आणि मुख्याध्यापक नोकरीला मुकले, असा अंदाज सांगितला जातो. मुख्याध्यापकांचे तर हाल विचारू नका: कुणाला उपमुख्याध्यापक केलं, कुणाला बसगाड्यांची व्यवस्था पाहायला लावलं. ज्या हायस्कुलांना तीन पिढ्यांनी पैसे घातले होते त्यांची नावं पुसली, जिंकलेल्या ढाली आणि चषक कचऱ्यात गेले. सोयरीक झाली म्हणून मुलीचं माहेरच पाडून टाकावं, तसं हे झालं. आणि मुलं नव्या शाळेत गेली, तिथे त्यांना ओळखणारं, त्यांच्या आईला चर्चमध्ये भेटणारं, कान धरून तू अभ्यास कर म्हणणारं कुणी नव्हतं.

मी वेगळ्या शाळांची भलावण करतोय का? मुळीच नाही. त्या शाळा अन्यायातून जन्मल्या होत्या आणि ब्राउनचा निकाल योग्यच होता. माझं म्हणणं एवढंच आहे की एकत्रीकरणाच्या वाटाघाटीच झाल्या नाहीत. एका बाजूने अटी घातल्या आणि दुसऱ्या बाजूने मुलं पाठवली. त्याचा हिशेब आजही चालू आहे. अमेरिकेच्या सरकारी शाळांत आज शंभरातली पंधराएक मुलं कृष्णवर्णीय आहेत, आणि शिक्षक शंभरात सहा-सात. फरक पडतो का याने? नॉर्थ कॅरोलिनातल्या मुलांच्या आकडेवारीवरून अर्थतज्ज्ञांनी 2017 मध्ये दाखवलं की तिसरी ते पाचवीत एक तरी कृष्णवर्णीय शिक्षक लाभला, तर अतिगरीब घरातल्या काळ्या मुलाने हायस्कूल अर्ध्यावर सोडण्याची शक्यता 39 टक्क्यांनी घटते. एक शिक्षक. एका वर्षासाठी. उलट बाजू पाहायची तर सरकारचाच 2011-12 चा आकडा आहे: बालवाडीत कृष्णवर्णीय मुलं 18 टक्के, पण एकाहून अधिक वेळा शाळेतून काही दिवस घरी बसवलेल्या मुलांत 48 टक्के. बालवाडीत! चार वर्षांच्या मुलाने असा काय गुन्हा केला असेल? ज्याला त्या मुलाची खोडी दिसते त्याला खोडी दिसते, ज्याला धोका दिसतो त्याला धोका.

पैशाचं थोडक्यात सांगतो, घड्याळ माझ्याकडे बघतंय. अमेरिकेत शाळेच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक घरपट्टीतून निघतो. श्रीमंत वस्तीत घरं महाग, पट्टी जास्त, शाळा उत्तम. गरीब वस्तीत उलट. आणि कृष्णवर्णीय कुटुंबांना कुठे घर घेता येईल, कुठे कर्ज मिळेल, हे 1930 च्या दशकापासून सरकारी नकाशांवर लाल रंगाने रंगवून ठेवलेलं. 1973 मध्ये टेक्सासच्या 'रॉड्रिगेझ' खटल्यात लोकांनी विचारलं, हे समान आहे का? न्यायालय पाच विरुद्ध चार मतांनी म्हणालं, घटनेचा यात भंग होत नाही. पुढच्याच वर्षी 'मिलिकन' खटल्यात डेट्रॉइट शहर आणि भोवतालची 53 उपनगरी मंडळं यांच्या शाळा जोडण्याचा आदेश तसाच पाच-चारने रद्द झाला. गोरी कुटुंबं उपनगरात जात होती, त्यांच्यामागे कायदा जाणार नाही, एवढा त्याचा अर्थ. ब्राउन खटला जिंकणारे वकील थरगूड मार्शल तेव्हा न्यायमूर्ती होते. त्यांनी विरोधी मत नोंदवलं. जून 2023 मध्ये हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांच्या खटल्यात प्रवेशासाठी वंशाचा विचार करण्याची पद्धतही गेली. दारं उघडतात, आणि भिंती नव्या जागी उभ्या राहतात.

आता शेवटचं, आणि माझ्या मनाजवळचं. सेप्टिमा क्लार्क. साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्स्टनची बाई, जन्म 1898. शहराच्या सरकारी शाळांत काळ्या शिक्षकांना घेत नसत, म्हणून 1916 मध्ये ती जॉन्स आयलंड या बेटावर शिकवायला गेली. दोन शिक्षिका आणि 132 मुलं. समोर गोऱ्यांची शाळा, तिथे तीन मुलं, आणि पगार हिच्या दुपटीहून जास्त. तिने चळवळ केली. चार्ल्स्टनच्या काळ्या शाळांत काळे शिक्षक आले. समान पगाराच्या खटल्यात ती उतरली, तो जिंकला गेला. 1956 मध्ये राज्याने कायदा केला, की एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचा सभासद सरकारी नोकरीत राहू शकत नाही. अनेकांनी सभासदत्व लपवलं, आणि पोटासाठी लपवलं, त्यांना दोष कोण देणार? हिने लपवलं नाही. चाळीस वर्षांची नोकरी गेली, निवृत्तिवेतनही गेलं.

मग तिने काय केलं? पुन्हा शाळा काढली. मतदार व्हायचं तर वाचता येतं हे सिद्ध करावं लागे. जॉन्स आयलंडचे एसॉ जेंकिन्स आपल्या बसमधून लोकांना शहरात कामाला नेत आणि वाटेत राज्यघटना शिकवत. जानेवारी 1957 मध्ये तिथे प्रौढांचा वर्ग सुरू झाला. पुढे किराणा दुकान, मागच्या खोलीत वर्ग. गोऱ्यांना संशय येऊ नये म्हणून ही योजना. शिकवायला कोण? सेप्टिमाची नात्यातली बहीण बर्निस रॉबिन्सन. ती शिक्षिका नव्हती, केस करून देण्याचं दुकान चालवायची. मुद्दाम तिलाच निवडलं, लोकांना ती परकी वाटणार नाही म्हणून. तिने पहिल्या दिवशी पुस्तक उघडलं नाही. तुम्हाला काय शिकायचंय, हे विचारलं. कुणी म्हणालं स्वतःचं नाव लिहायला, कुणी बायबल वाचायला, कुणी मनीऑर्डरचा फॉर्म भरायला. मग फॉर्म आणि मतदार नोंदणीचा कायदा, हेच त्यांचं क्रमिक पुस्तक झालं. हे वर्ग पुढे साऱ्या दक्षिणेत पसरले, आणि त्यातून शिकलेल्या हजारो माणसांनी मतदार याद्यांत नाव घातलं.

राज्याने तिचं निवृत्तिवेतन परत केलं, वीस वर्षांनी. आणि पंचाहत्तरी उलटल्यावर चार्ल्स्टन कौंटीच्या शिक्षण मंडळाच्या निवडणुकीला सेप्टिमा क्लार्क उभी राहिली. निवडून आली. शिक्षक कुणाला नेमायचं, पैसा कुठे खर्च करायचा, कुठली शाळा उघडायची, हे ठरवणाऱ्या टेबलाशी ती बसली. त्या निवडणुकीत तिला मत देणाऱ्यांत बेटावरचे लोकही होते.

वेळ संपली आहे. प्रश्नोत्तरांसाठी अध्यक्षांनी पंधरा मिनिटं राखून ठेवली आहेत. चिठ्ठ्या इकडे पाठवा, आणि ज्यांना बोलून विचारायचं आहे त्यांनी कृपया माइकपर्यंत यावं.